वेम्बलीचं दार आणि सोलापूरचं मंगल कार्यालय : एका अंतिम सामन्याच्या गर्दीचा प्रकरण अभ्यास

११ जुलै २०२१, रविवार. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर युरो २०२०चा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध इटली. करोनामुळे स्पर्धा वर्षभर पुढे ढकलली होती, नाव मात्र जुनंच ठेवलं. खेळ सुरू झाला तेव्हा सोलापुरात रात्रीचे साडेबारा वाजले होते. दुसऱ्याच मिनिटाला ल्यूक शॉचा गोल, ६७व्या मिनिटाला बोनुचीची बरोबरी, शेवटी पेनल्टीत इटली ३-२. क्रीडापानावर एवढंच छापून आलं.

खरा सामना दारावर झाला. सुमारे २,००० माणसं बिनतिकीट आत घुसली. लोंढ्यानं दार फोडून किंवा ढकलून आत शिरण्याचे १७ मोठे प्रकार घडले. कुणी मेलं नाही, हे नशीब. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं नेमलेल्या बॅरोनेस लुईस केसी यांचा चौकशी अहवाल डिसेंबर २०२१मध्ये आला. त्या रात्री माणसं मरता मरता वाचली, असं त्यात स्पष्ट नोंदवलं आहे.

हे प्रकरण सोलापूरकरांनी का वाचावं? सोलापूर काही कोल्हापूर नव्हे. इथं पेठापेठांत, तालमीतालमींत फुटबॉलचं वैर नाही. पण विश्वचषक आला की मेस्सी आणि रोनाल्डोचे फ्लेक्स इथंही लागतात. एखादं मंडळ म्हणतं, ‘फायनल मोठ्या पडद्यावर दाखवू’, आणि मग तीनशेच्या जागी हजार पोरं येतात. तेव्हा नेमकं काय बिघडतं, ते वेम्बलीवर पायरीपायरीनं दिसलं.

आधी रिकाम्या खुर्च्या

वेम्बलीत ९०,००० माणसं बसतात. करोनाच्या निर्बंधांमुळे त्या दिवशी अधिकृत उपस्थिती ६७,१७३ होती. म्हणजे वीस हजारांहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहणार, हे गावभर माहीत होतं. आणि १९६६नंतर, तब्बल ५५ वर्षांनी, इंग्लंडचा पुरुष संघ मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. ‘आत जागा आहे, फक्त दार ओलांडायचंय’ हे एकदा गर्दीच्या डोक्यात बसलं की तिकीट नसल्याची लाज उरत नाही. ‘हाउसफुल’ची पाटी जे काम करते, ते काम त्या दिवशी करायला कुणीच नव्हतं.

दुसरी गोष्ट वेळेची. सामना तिथल्या रात्री आठला, आणि माणसं सकाळपासूनच येऊन थांबलेली. करोनामुळे पडदा लावलेली वेगळी मोकळी मैदानं, ज्यांना तिकडे ‘फॅन झोन’ म्हणतात, तीही तिथं नव्हती. बसायला जागा नाही, बघायला काही नाही, हातात दारू. परिसरात उघड्यावर पिण्याला बंदी होती, पण ती राबवली गेलीच नाही. पोलिसांची मोठी कुमक ठरल्या वेळी, म्हणजे दुपारनंतर आली. तोवर ऑलिंपिक वे हा स्टेडियमकडे जाणारा रुंद रस्ता गर्दीच्या ताब्यात गेला होता.

इथं गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेची, आठवण होणं साहजिक आहे. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेच्या दारूच्या रात्री जी गर्दी होते, ती आकड्यानं वेम्बलीला लाजवील. पण त्या गर्दीला करायला काहीतरी असतं. पाळणे, खेळण्यांची दुकानं, भजी, मौत का कुआँ. माणूस फिरत राहतो, एका जागी साचत नाही. शिवाय अर्धी गर्दी बायकापोरांची, आणि खांद्यावर पोर असलेला बाप सहसा दंगा करत नाही. वेम्बलीच्या रस्त्यावर बहुतेक तरुण पुरुष, सकाळपासून प्यालेले, आणि सगळ्यांचं तोंड एकाच दाराकडे. गर्दी किती, याच्याइतकंच ती कशी आहे आणि कशासाठी थांबली आहे, हेही मोजावं लागतं. आपल्याकडच्या बंदोबस्ताच्या अर्जात आकड्याचा रकाना असतो. गर्दी कशी आणि कशासाठी, याचा रकाना काही कुठं दिसत नाही.

दार कुठलं फुटलं

मुख्य फिरती दारं फारशी फुटली नाहीत. तिथं वेगळी युक्ती चालली: तिकीटवाला पुढं, बिनतिकीट त्याच्या पाठीला चिकटून, एकाच फेऱ्यात दोघं आत. हे टाळायला दारापाशी माणूस लागतो, आणि सराव असलेला माणूस लागतो. करोनाच्या काळात या कामातली जुनी मंडळी दुसरीकडे गेली होती. उभे होते ते बरेचसे नवखे. त्यांना तिकिटाबरोबर लसीचा किंवा चाचणीचा पुरावाही बघायचा होता. बाहेरच्या बाजूला तिकीट तपासणीची एक कडी केली होती, तीही लोंढ्यापुढं टिकली नाही.

लोंढे आत आले ते दोन प्रकारच्या दारांतून. एक, अपंग प्रेक्षकांसाठीची बाजूची दारं. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी स्वयंसेवकानं दार उघडलं की टपून बसलेला घोळका मागून आत. दोन, आणीबाणीत बाहेर पडायची दारं. ही आतून नुसत्या ढकलण्यानं उघडलीच पाहिजेत, नाहीतर आग लागली तर माणसं आत जळतील. आत पोचलेल्या कुणीतरी ती आतून ढकलली आणि बाहेरच्यांना वाट करून दिली. घाईत बाहेर पडण्यासाठी केलेलं दारच घुसायला सगळ्यात सोपं ठरलं, आणि यावर सोपा उपाय नाही. कुलूप लावलं तर आगीत मरण, नाही लावलं तर घुसखोरी. उत्तर एकच: त्या दाराशी आतून माणूस उभा करायचा आणि दारासमोरची बाहेरची जागा मोकळी ठेवायची. दार राखायचं म्हणजे दारापुढची मोकळी जागा राखायची. वेम्बलीत ती जागा कुणाचीच नव्हती. स्टेडियमवाले म्हणत आमची हद्द दारापर्यंत, पोलीस म्हणत आत स्टेडियमवाल्यांचं, आणि रस्ता पालिकेचा. केसी यांनी सगळ्यांच्या मिळून झालेल्या चुकीवर बोट ठेवलं, आणि या बाहेरच्या पट्ट्याची जबाबदारी नेमकी कुणाची ते ठरवा, अशी शिफारस केली.

अहवालातला सगळ्यात भीतीदायक तपशील यापुढचा आहे. सामना संपत आला तेव्हा सुमारे ६,००० बिनतिकीट माणसं बाहेर टपून होती. सामना संपला की प्रेक्षकांना बाहेर जाण्यासाठी दारं सताड उघडतात. इंग्लंड जिंकलं असतं तर ही माणसं त्याच क्षणी आत घुसली असती. बाहेर येणारे साठ-सत्तर हजार आणि आत जाणारे सहा हजार, एकाच दारात समोरासमोर. पेनल्टी चुकल्या म्हणून ते टळलं. पंढरपूरच्या दर्शनरांगेत उभं राहिलेल्या कुणालाही दोन उलट्या प्रवाहांची टक्कर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

युरोपीय फुटबॉल संघटनेनं इंग्लंडला १ लाख युरो दंड केला आणि एक सामना प्रेक्षकांविना खेळायला लावला. पहिल्यांदा वाचलं तर ही शिक्षा किरकोळ वाटते, आणि दुसऱ्यांदा वाचलं तरी तशीच वाटते.

आता सोलापूर

समजा, तुमच्या मंडळाला विश्वचषकाचा अंतिम सामना दाखवायचा आहे. पहिला प्रश्न वेळेचा. कतारचा २०२२चा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला, ते सोयीचं होतं. १९ जुलै २०२६च्या न्यू जर्सीतल्या अंतिम सामन्याची वेळ भारतात रात्री साडेबाराची, म्हणजे २० तारीख लागल्यावरची. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा २०००चा ध्वनिप्रदूषण नियम आहे. सणासुदीला सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत सूट देऊ शकतं, पण तीही मध्यरात्रीपर्यंतच. म्हणजे चौकात पडदा लावून साडेबाराचा सामना आवाजासकट दाखवायची वाट कायद्यानं बंद आहे. ‘साहेबांशी बोलून घेऊ’ म्हणणारा कार्यकर्ता प्रत्येक मंडळात असतो; त्याला हा नियम छापून द्यावा. बंदिस्त सभागृहात मुभा आहे, म्हणून विषय मंगल कार्यालयावर येतो. प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी कुणाची परवानगी लागते, तेही आधी विचारून घ्यावं.

दुसरं, पोलीस. २०२६ची आषाढी एकादशी २५ जुलैला. त्या आठवड्यात जिल्ह्याचं सगळं लक्ष पालखीमार्गावर आणि पंढरपुरात असतं. तुमच्या कार्यालयापाशी दोन अंमलदार आले तरी पुष्कळ समजा. वेम्बलीत कुमक ठरल्या वेळी आली, तरी तोवर उशीर झाला होता. तुमच्याकडे ती येणारच नाही असं धरूनच आखणी करावी.

आता कार्यालय मोजू. सभागृह २५ मीटर लांब, १५ मीटर रुंद. पडद्यापुढं ३ मीटर मोकळे सोडले, मधोमध आणि दोन्ही भिंतींकडेनं १.२ मीटरच्या वाटा सोडल्या की खुर्च्यांसाठी सुमारे २५० चौरस मीटर राहतात. प्लॅस्टिकची खुर्ची अर्धा मीटर रुंद, दोन ओळींत ९० सेंटीमीटर अंतर. कागदावर ५५० खुर्च्या बसतात. मालक सांगेल ८००, कारण तो लग्नाच्या हिशेबानं सांगतो, आणि लग्नात निम्मी माणसं जेवणाच्या हॉलमध्ये असतात. आपण ४५० धरू.

पण ४५० हा आकडा खुर्च्यांवरून काढायचाच नसतो, तो दारांवरून काढायचा. ब्रिटनमधल्या क्रीडांगण सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात असं धरलं आहे. पायऱ्या असतील तर ६६. बंदिस्त सभागृह अडीच मिनिटांत रिकामं व्हावं असं धरलं, तर एका मीटरमागे २०५ माणसं. आणि हिशेब करताना सगळ्यात मोठं दार बंद पडलंय असंच धरायचं, कारण आग किंवा चेंगराचेंगरी नेमकी तिथंच होते.

आपल्या कार्यालयाची मुख्य कमान ३ मीटर. ती सोडली. बाजूचं दार १.२ मीटर, मागचं स्वयंपाकघरातून जाणारं १ मीटर. एकूण २.२ मीटर, म्हणजे ४५१ माणसं. बरोबर जुळलं, म्हणून खूश व्हायच्या आधी मागं जाऊन ते दार बघा. स्वयंपाकघराच्या वाटेत पातेली, चुली, गॅसच्या टाक्या, आणि दाराला कुलूप. किल्ली आचाऱ्याकडे, आचारी अक्कलकोटला. ते दार हिशेबातून गेलं की उरतं १.२ मीटर, आणि माणसं उरतात २४६. एका कुलपापायी २०५ माणसं कमी. सामन्याच्या दुपारी ही वाट रिकामी करून, टाक्या बाहेर काढून, कुलूप मंडळाच्या ताब्यात घेईपर्यंत पास २४०च्या वर वाटू नयेत.

आणखी एक गोष्ट कुठल्याच परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही: चपला. कार्यालयात आपण चपला दाराशी काढतो. साडेचारशे जोड म्हणजे उंबऱ्यावर गुडघाभर ढीग, आणि परत जाताना त्यात वाकून आपला जोड शोधणारी माणसं. मागून रेटा आला की वाकलेला माणूसच पहिला पडतो. म्हणून त्या रात्री चपला घालूनच आत सोडावं. सतरंजी खराब होईल, धुता येते. जुलैत पाऊस असेल तर पायांबरोबर काळ्या मातीचा रेबडा येतो, फरशी निसरडी होते. दारांत तागाची पोती टाकावीत, पण कडा चिकटपट्टीनं घट्ट बसवून.

खुर्च्या चार-चार एकत्र बांधाव्यात, पायाशी सुतळीनं. सुट्या खुर्च्या दोन कामं करतात: पळताना पायात येतात आणि चिडल्यावर हातात येतात.

पास, चौक आणि शटर

४ जून २०२५ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेटच्या विजयोत्सवात ११ जणांचा जीव गेला. सुमारे ३५ हजारांचं स्टेडियम, बाहेर लाखांची गर्दी, आणि प्रवेश फुकट की पासनं, याचा घोळ. आपल्याकडे हा घोळ व्हॉट्सअॅपवर होतो. ‘फायनल लाइव्ह, सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’ असा फ्लेक्सचा फोटो एकदा फिरला की परत घेता येत नाही. म्हणून फ्लेक्सवर पहिली ओळ ‘प्रवेश फक्त पासवर’ आणि दुसरी ‘पास संपले’ अशीच असावी, आणि दुसरी ओळ आधीपासून छापलेली पट्टी म्हणून तयार ठेवावी. मोबाइलवरचा पास चालवू नये. एकाच पासाचा फोटो दहा फोनांत जातो. मनगटाला बांधायची कागदी पट्टी स्वस्त आणि खात्रीची, रंग त्याच दिवशी संध्याकाळी जाहीर करायचा.

पट्टी बघण्याची जागा कार्यालयाचं दार नव्हे. हाच वेम्बलीचा धडा. दारापासून शंभर-दीडशे मीटरवर जिथं रस्ता फुटतो त्या चौकातच माणूस वळवायचा, कारण तिथून त्याला परत जायला वाट असते. दाराशी आलेल्या माणसाच्या मागं शंभर जण असतात. त्याला परत जायचं असलं तरी जाता येत नाही. चौकात चार जण, मधल्या टप्प्यावर दोन, मुख्य दाराशी चार, बाजूच्या आणि मागच्या दाराशी आतून दोन-दोन, सभागृहात चार, जनरेटरपाशी एक, आणि एक जण फक्त आकडा मोजायला. वीस झाले. मागच्या दाराच्या दोघांना सामना दिसणार नाही, म्हणून ती जबाबदारी फुटबॉलचं वेड नसलेल्यांना द्यावी. नाहीतर पेनल्टी सुरू झाली की दोघंही पडद्यापुढं.

चौकातल्या माणसाचं बोलणंही ठरवून द्यावं. ‘एऽ चला मागं’ हे चालत नाही. त्यानं पोरं इरेला पेटतात. ‘मालक, आत फुल झालंय. घरी टीव्हीवर बघा, इथं थांबून काही दिसणार नाही’ हे चालतं. कारण सांगितलं की दहातले आठ वळतात. उरलेल्या दोघांपैकी एक कुणाचातरी भाचा असतो, आणि ‘मामांना फोन लावतो’ म्हणतो. त्याला आत सोडलं की चौकातली कडी तिथंच तुटली, कारण मागचे सगळे बघत असतात.

गर्दी वाढली की मालकाचा माणूस मुख्य दाराचं शटर कमरेपर्यंत ओढतो किंवा चॅनेल गेट अर्धं लावतो. हे कधीही करू देऊ नये. अर्ध्या दारात पुढच्याला वाकावं लागतं, मागच्याला वाटतं दार बंद होतंय म्हणून तो जोर लावतो. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. आणि पूर्ण बंद करायचं तर आधी चौकातून येणारी रांग थांबवून मगच.

पडदा काळा झाला तर

वीज जाते. जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागतं, आणि डीटीएचचा डबा पुन्हा चित्र दाखवायला आणखी दोन-तीन. पेनल्टीच्या वेळी ही तीन मिनिटं म्हणजे शिट्ट्या, मग खुर्च्या. डबा आणि प्रोजेक्टर छोट्या यूपीएसवर ठेवले की हा प्रसंग येत नाही. निवेदकाचा माइक वेगळा, बॅटरीवरचा. दिवे गेले तरी तो चालला पाहिजे.

सामना मोबाइल अॅपवरून पडद्यावर टाकू नये. इंटरनेटवरचं चित्र डीटीएचपेक्षा वीस-तीस सेकंद मागं असतं. शेजारच्या बिल्डिंगमधून ‘गोऽऽल’ ऐकू येतं आणि इकडं चेंडू अजून मधल्या रेषेवर. मागच्या रांगा उठतात, काय झालं बघायला पुढं येतात, आणि विनाकारण रेटा तयार होतो.

सामना संपल्यावरची पंधरा मिनिटं सगळ्यात जड. हरलेल्या संघाचे चाहते आधी उठतात, जिंकलेले नाचत थांबतात. हा फरक कामाचा असतो, तो मोडू नये. चौकातले चार जण सभागृह रिकामं होईपर्यंत जागा सोडत नाहीत, कारण बाहेर सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या गाड्यांवर झेंडे घेऊन एक टोळी हमखास येते, आणि तिला आतल्या मित्रांना भेटायला नेमकं तेव्हाच यायचं असतं. वेम्बलीबाहेरचे सहा हजार आठवा. गाड्या चौकातच थांबवाव्यात.

दुसऱ्या दिवशीचा दंगा

वेम्बलीवर पेनल्टी चुकलेले तिघे, मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका, तिघेही कृष्णवर्णीय. साका तर १९ वर्षांचा. काही मिनिटांत त्यांच्या इन्स्टाग्राम आणि ट्विटर खात्यांवर वर्णद्वेषी घाण ओतायला सुरुवात झाली. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागातल्या रॅशफर्डच्या भित्तिचित्रावर त्याच रात्री शिव्या खरडल्या गेल्या. पुढचे काही दिवस आसपासची माणसं, शाळकरी मुलं तिथं येऊन चिठ्ठ्या आणि कागदी हृदयं चिकटवत राहिली, इतकी की शिव्या झाकून गेल्या. ब्रिटिश पोलिसांनी २०७ मजकूर गुन्हा ठरतील असे मानले. त्यातली ३४ खाती ब्रिटनमधली आणि १२३ परदेशातली निघाली. म्हणजे शिव्या देणारे बरेचसे त्या देशातले नव्हतेच.

सोलापुरात स्टेडियम फुटणार नाही, पण स्टेटस फुटतं. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या वस्त्या एकमेकींना लागून असलेल्या या शहरात रात्री दोनला टाकलेला एक फालतू मजकूर सकाळी नऊला पोलीस ठाण्यापुढं शंभर माणसं उभी करतो. सामना परदेशी, खेळाडू परदेशी, पण खेळाडूच्या वर्णावरून, धर्मावरून टाकलेली शिवी इथल्याच कुणालातरी लागते. त्या वेळी ती पुसली तरी स्क्रीनशॉट राहतो.

म्हणून मंडळाच्या ग्रुपवर ९०व्या मिनिटाला सेटिंग बदलून ‘फक्त अॅडमिन’ करावं आणि सकाळी आठला उघडावं. हे काम अध्यक्षाकडे देऊ नये, तो त्या वेळी आत नाचत असतो. जनरेटरपाशी बसलेल्याकडे द्यावं.